कमी व्होल्टेजवर चालणारा गीझर: दाब आणि अँपिअरवरून रोध व वॅट कसे काढावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात १५ लिटरचा साठवण गीझर असून त्याच्या पट्टीवर २३० व्होल्ट, २००० वॅट असे छापलेले आहे. सकाळी पाणी तापायला फार वेळ लागतो. त्या वेळी गीझरच्या प्लगपाशी १९० व्होल्ट आणि क्लँप मीटरवर (वायरीभोवती जबडा बसवून अँपिअर मोजणाऱ्या मीटरवर) ७.२ अँपिअर दिसतात. गीझर बंद केला की दाब २०२ व्होल्टपर्यंत चढतो. यावरून कॉइलचा रोध आणि प्रत्यक्ष वॅट कसे काढायचे, कॉइल खराब झाली आहे का, बिल जास्त येईल का, आणि ‘व्होल्टेज पडले की अँपिअर वाढतात’ असे वायरमन म्हणत असताना येथे ते कमी कसे, असे प्रश्नकर्त्याने विचारले आहे.

आधी आकडेमोड करू. रोध म्हणजे व्होल्ट भागिले अँपिअर: १९० ÷ ७.२ = २६.४ ओहम. शक्ती म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर: १९० × ७.२ = १३६८ वॅट. आता हाच रोध पट्टीवरील आकड्यांवरून काढून पाहावा. २००० वॅटला २३० ने भागले की ८.७ अँपिअर येतात आणि २३० ला ८.७ ने भागले की पुन्हा २६.४ ओहमच मिळतात. दोन वेगळ्या वाटांनी एकच रोध आला, याचा अर्थ आपली कॉइल ठणठणीत आहे. पट्टीवर २००० लिहिलेले असताना १३६८ वॅटच मिळत आहेत, कारण २००० हा आकडा फक्त २३० व्होल्टपुरता खरा आहे.

या ठिकाणी बहुतेकांची गल्लत होते. ‘दोन हजार वॅटचा गीझर’ असे आपण बोलतो तेव्हा दोन हजार वॅट हा त्या गीझरचा अंगचा गुण आहे, असे नकळत धरून चालतो. प्रत्यक्षात कारखान्यात तारेची लांबी आणि जाडी ठरवून जे पक्के केले जाते ते वॅट नसतात आणि अँपिअरही नसतात. पक्का केला जातो तो २६.४ ओहमचा रोध. दाब बाहेरून येतो, रोध कॉइलमध्ये असतो आणि अँपिअर व वॅट हे त्या दोघांचे फलित असते. त्यामुळे दाब १९० ला आला की अँपिअर ८.७ वरून ७.२ वर उतरतात, आणि वॅट मात्र दाब व अँपिअर या दोहोंचा गुणाकार असल्यामुळे दुहेरी घसरतात. १९० हे २३० च्या सुमारे ८३ टक्के आहेत, पण १३६८ हे २००० च्या ६८ टक्केच आहेत.

तापणाऱ्या उपकरणासाठी म्हणूनच दाबाचा वर्ग भागिले रोध हे सूत्र सर्वांत सोयीचे ठरते. आपला गीझर १८० व्होल्टवर किती वॅट देईल ते न मोजता सांगता येते: १८० × १८० ÷ २६.४ = सुमारे १२२७ वॅट. भारतीय विद्युत नियम, १९५६ मध्ये कमी दाबाच्या पुरवठ्यात जाहीर दाबापेक्षा ६ टक्के वरखाली एवढीच सूट होती, म्हणजे २३० साठी साधारण २१६ ते २४४ व्होल्ट. त्या दोन टोकांवर हाच गीझर अनुक्रमे सुमारे १७६७ आणि २२५५ वॅट देतो. नियमाच्या चौकटीत राहूनही एवढा फरक पडतो, मग १९० वर तो जाणवला नाही तरच नवल.

वेळेचा हिशेबही करून टाकू. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे २५१० किलोज्यूल उष्णता लागते. २००० वॅटने ती साधारण २१ मिनिटांत मिळते, १३६८ वॅटने ३१ मिनिटांत. युनिट मात्र दोन्ही वेळा सुमारे ०.७ च पडते, कारण मीटर वॅट आणि वेळ यांचा गुणाकार नोंदवते. एक कमी झाले तेवढे दुसरे वाढले. टाकीच्या भिंतींतून दहा मिनिटे जास्त उष्णता निसटते, ती नगण्य समजावी. तेव्हा गीझर उशिरा तापतो एवढ्याने बिल फुगत नाही. वायरिंगमध्ये वाया जाणाऱ्या विजेचे मात्र पैसे पडतात. त्याकडे पुढे येतो.

आता वायरमनच्या बोलण्याकडे वळू. ते चूक नाही, पण ते मोटारीला लागू आहे. पाच हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटार ४१५ व्होल्टवर साधारण ८ अँपिअर घेते. विहिरीतून पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचे असते, त्यामुळे दाब ३५० वर आला तरी मोटारीचा वेग फारसा कमी होत नाही आणि तिला जवळजवळ तेवढीच शक्ती ओढावी लागते. दाब घटला म्हणून ती अँपिअर वाढवून भरपाई करते आणि मीटरवर साडेनऊच्या आसपास आकडा दिसतो. तांब्याच्या वेटोळ्यात निर्माण होणारी उष्णता अँपिअरच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ८ चे साडेनऊ अँपिअर होणे म्हणजे वेटोळ्याची उष्णता सुमारे १.४ पट होणे. डीपीवर, म्हणजे लाइनीच्या ट्रान्सफॉर्मरवर, पुरेसे व्होल्टेज नसताना मोटारी जळतात त्या याच कारणाने. लॅपटॉपचा चार्जर, दूरदर्शन संच, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटारीचा) पंखा यांतील इलेक्ट्रॉनिक मंडळेही अशीच वागतात. त्यांना ठरावीक वॅट हवे असतात आणि दाब पडला की ती जास्त अँपिअर घेतात. गीझर, इस्त्री, शेगडी आणि पाण्यात बुडवायचा रॉड हे मात्र सरळ रोध आहेत. त्यांना कमी दाबापासून धोका नाही. ती फक्त मंदावतात.

याचा एक परिणाम मुद्दाम नोंदवतो. मोटारीचे व्होल्ट भागिले अँपिअर केले तरी उत्तर ओहममध्येच येते, पण तो वेटोळ्याचा रोध नव्हे. वरील मोटार स्टार जोडणीची, म्हणजे तिन्ही वेटोळ्यांचे एकेक टोक एकत्र जोडलेली, असेल तर एका फेजला २४० व्होल्ट आणि ८ अँपिअर, म्हणजे ३० ओहम निघतात. मल्टिमीटर लावून पाहिले तर वेटोळे काही मोजकेच ओहम दाखवते. उरलेला विरोध तारेचा नसून फिरणाऱ्या मोटारीतील चुंबकीय क्षेत्रामुळे उलट दिशेने निर्माण होणाऱ्या दाबाचा असतो. मोटार चालू करण्याच्या क्षणी हा उलट दाब पुरेसा नसतो, म्हणून तेव्हा नेहमीच्या सहा-सात पट धारा, म्हणजे अँपिअरमध्ये मोजला जाणारा प्रवाह, वाहते. वॅटचेही तसेच आहे. मोटारीत दाब आणि धारा यांच्या लहरी एकाच वेळी शिखरावर पोहोचत नाहीत, त्यामुळे नुसत्या गुणाकाराला पॉवर फॅक्टरने गुणावे लागते: १.७३ × ४१५ × ८ × ०.८२ = सुमारे ४७०० वॅट. त्यातले ३७३० वॅट, म्हणजे पाच हॉर्सपॉवर, दांड्यावर मिळतात. गीझरचा पॉवर फॅक्टर १ असतो, म्हणून आपला साधा गुणाकार तेथे चालून गेला.

शाळेपासून मनात राहून गेलेली आणखी एक शंका येथेच सोडवणे बरे. शक्ती म्हणजे अँपिअरचा वर्ग गुणिले रोध, हे सूत्र पाहिले तर रोध वाढल्यावर शक्ती वाढायला हवी. दाबाचा वर्ग भागिले रोध हे पाहिले तर घटायला हवी. मग खरे कोणते? दोन्ही खरी आहेत. प्रश्न असतो तो नेमके काय स्थिर राहते याचा. गीझरच्या दोन टोकांवर दाब स्थिर धरता येतो, त्यामुळे त्याचा रोध वाढला तर वॅट कमी होतात. पण गीझरपर्यंत येणाऱ्या वायरीतून किती अँपिअर जायचे ते गीझर ठरवतो, वायर ठरवत नाही. तेथे अँपिअर स्थिर आहेत असे समजावे लागते आणि मग वायरीचा किंवा ढिल्या स्क्रूचा रोध जितका जास्त तितकी तेथील उष्णता जास्त. गेऑर्ग ओहम यांनी दाब, धारा आणि रोध यांचा संबंध १८२७ मध्ये मांडला आणि धारेच्या वर्गाच्या प्रमाणात उष्णता निर्माण होते हे जेम्स ज्यूल यांनी १८४१ मध्ये दाखवले. घरातील जळालेल्या प्लगचे कारण शोधताना मला नेहमी दुसऱ्याचा नियम आधी उपयोगी पडतो.

आता आपल्या प्रश्नातील सर्वांत मोलाच्या आकड्याकडे येऊ. आपण तो जाता जाता दिला आहे: गीझर बंद असताना २०२ व्होल्ट, चालू असताना १९०. फरक १२ व्होल्टचा आणि धारा ७.२ अँपिअरची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून आपल्या प्लगपर्यंतच्या सगळ्या वाटेचा रोध १२ ÷ ७.२ = १.६७ ओहम आहे. त्या वाटेत १२ × ७.२ = ८६ वॅट नुसते तारा तापवण्यात जातात. दोन्ही वाचने लागोपाठ, अर्ध्या मिनिटाच्या आत घ्यावीत आणि तीन-चार वेळा घेऊन पाहावीत, कारण मधल्या वेळात शेजाऱ्याने पंप सुरू केला तर त्याचा फरक आपल्या हिशेबात शिरतो.

यापुढे एक वाचन मीटर बोर्डापाशी घ्यावे लागेल. ते जाणकार वायरमनकडूनच घ्यावे, कारण तेथील टर्मिनले उघडी आणि जिवंत असतात. समजा, गीझर चालू असताना मीटरपाशी १९६ व्होल्ट मिळाले. मग २०२ पासून १९६ पर्यंतची ६ व्होल्टची घट बाहेरच्या लाइनीत आहे आणि १९६ पासून १९० पर्यंतची ६ व्होल्टची घट आपल्या घरात आहे. घरातील वाटेचा रोध ६ ÷ ७.२ = ०.८३ ओहम. तांब्याच्या वायरीचा रोध काढायला मी ०.०१७२ हा आकडा वापरतो; वायरीची लांबी मीटरमध्ये घेऊन त्याने गुणावे आणि वायरीच्या स्क्वेअर एमएमने, म्हणजे तिच्या छेदाच्या क्षेत्रफळाने, भागावे. मीटरपासून गीझरपर्यंत २५ मीटर वायर असेल तर फेज जाण्याची आणि न्यूट्रल येण्याची मिळून ५० मीटर धरावी. ही दुप्पट करायला लोक हमखास विसरतात. दीड स्क्वेअर एमएमच्या वायरीसाठी ५० × ०.०१७२ ÷ १.५ = ०.५७ ओहम. मोजलेले आहेत ०.८३. मधले ०.२६ ओहम कोठे आहेत? काही अंश वायर तापल्यामुळे येतो. तांब्याचा रोध दर दहा अंशांना सुमारे ४ टक्के वाढतो. बाकीचे सांध्यांत, स्विचमध्ये, एमसीबीच्या टर्मिनलात आणि प्लगच्या पिनांत आहेत.

०.२६ ओहम ऐकायला क्षुल्लक वाटते. ७.२ चा वर्ग ५२, त्याला ०.२६ ने गुणले की साडेतेरा वॅट होतात. ते सात-आठ ठिकाणी विखुरलेले असतील तर कोणाला कळणारही नाही. पण ते सगळे एका ढिल्या पिनेत साठले असतील तर २५ वॅटच्या सोल्डरिंग गनच्या टोकाइतक्या जागेत तिच्या निम्मी उष्णता रोज अर्धा तास कोंडली जाते. पिनेभोवतीचे प्लॅस्टिक आधी पिवळसर होते, मग तपकिरी. पिनेवर काळसर थर चढतो, त्या थरामुळे रोध आणखी वाढतो, आणि तो वाढल्याने उष्णता आणखी वाढते. गीझर अर्धा तास चालल्यावर मुख्य स्विच बंद करून प्लग काढावा आणि त्याच्या तिन्ही पिना पाहाव्यात. फेज आणि न्यूट्रल यांतली एकच पीन काळवंडलेली असेल तर सांधा सापडला असे समजावे. सॉकेट नवा बसवताना जुन्या वायरीचे तापून काळे झालेले टोक कापून मागचे चकचकीत तांबे घ्यावे, नाहीतर नव्या सॉकेटची पुन्हा तीच गत होते.

गीझरसाठी दीड स्क्वेअर एमएमची वायर मी स्वतः घालत नाही. अडीच किंवा अंतर जास्त असल्यास चार घालतो. चारच्या वायरीने वरील ०.५७ चे ०.२२ ओहम होतील. मात्र त्याने पाणी लवकर तापेल अशी फार आशा ठेवू नये. घरातील सगळी घट नाहीशी झाली तरी प्लगपाशी १९६ च्या आसपासच दाब येईल आणि गीझर सुमारे १४५० वॅट देईल. उरलेला दोष बाहेरच्या पुरवठ्याचा आहे. त्याची तक्रार वीज कंपनीकडे लेखी द्यावी, आणि तिच्यात बंद-चालू अशा दोन्ही स्थितींतील मीटरपाशीची वाचने वेळेसह लिहावीत. नुसत्या ‘व्होल्टेज कमी येते’ या वाक्यापेक्षा अशा तक्रारीवरून दोष कोणत्या टप्प्यात आहे ते लाइनमनला चटकन कळते.

स्टॅबिलायझर लावू का, हा प्रश्न यानंतर येणारच, म्हणून त्याचाही हिशेब देतो. स्टॅबिलायझरने गीझरला २३० व्होल्ट दिले तर गीझर पूर्ण २००० वॅट घेईल. स्टॅबिलायझरचा स्वतःचा व्यय धरून २१०० वॅट लाइनीतून ओढावे लागतील, आणि लाइनीचा रोध आहे १.६७ ओहम. गणित सोडवले की धारा साडेअकरा अँपिअर येते आणि स्टॅबिलायझरच्या आधीचा दाब १८३ पर्यंत कोसळतो. वाटेतील नुकसान ८६ वरून सुमारे २२० वॅटवर जाते. म्हणजे गीझर खूश, पण त्या अर्ध्या तासात घरातला फ्रिज आणखी कमी दाबावर धडपडतो. दहा मिनिटे वाचवण्यासाठी हा सौदा मला पटत नाही. स्टॅबिलायझर घ्यायचाच असेल तर फ्रिजला घ्यावा.

मोजमापाविषयी थोडे. क्लँप मीटरचा जबडा फक्त एका वायरीभोवती, फेज किंवा न्यूट्रल यांपैकी एकीभोवतीच, बसवावा. पूर्ण केबलभोवती लावला तर जाणारी आणि येणारी धारा एकमेकींना खोडून काढतात आणि मीटर शून्य दाखवते. साध्या क्लँप मीटरची चूक दोन-तीन टक्के धरावी. आपले ७.२ प्रत्यक्षात ७.० ते ७.४ असू शकतात, त्यामुळे रोध २५.७ ते २७.१ ओहम यांमध्ये कोठेही असेल. म्हणूनच कॅल्क्युलेटरवर आलेले २६.३८८८ उतरवून घेण्यात काही अर्थ नाही. शिवाय तापणाऱ्या उपकरणांच्या मानकांत निर्देशित वॅटपेक्षा ५ टक्के जास्त आणि १० टक्के कमी एवढी मुभा असते, म्हणजे २००० वॅटच्या चांगल्या गीझरचा रोध २५.२ ते २९.४ ओहम यांत काहीही असू शकतो.

मल्टिमीटरने थेट ओहम मोजायचे असतील तर प्लग काढून, थर्मोस्टॅट बाजूला ठेवून, थेट कॉइलच्या दोन टोकांवर मोजावेत. आधी मीटरच्या दोन्ही सुया एकमेकींना टेकवून जे ०.२-०.३ ओहम दिसतील ते वजा करावेत. कॉइलमधील नायक्रोम या मिश्रधातूच्या तारेचा रोध तापल्यावर फारच थोडा वाढतो, त्यामुळे गार कॉइल मोजूनही आपल्याला २६ च्या आसपासच आकडा मिळेल. पिवळ्या प्रकाशाच्या जुन्या बल्बचे तसे नाही, आणि तेथे शिकणारे हमखास गोंधळतात. १०० वॅटच्या बल्बचा हिशेबाने रोध ५२९ ओहम येतो, पण मल्टिमीटर ४० च्या आसपास दाखवते. मीटर बिघडलेले नसते; टंगस्टनची तार पेटल्यावर अडीच हजार अंशांच्या घरात जाते आणि तिचा रोध बारा-तेरा पट होतो. बल्ब बहुधा बटण दाबताक्षणीच उडतात त्याचे कारण हेच, की गार तारेतून त्या क्षणी पाच-सहा अँपिअरचा झटका जातो.

अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकांनी आणलेल्या वस्तूंनाही हाच हिशेब लागू पडतो. १२० व्होल्ट, ५०० वॅटच्या राइस कुकरचा रोध २८.८ ओहम असतो. तो येथे २३० वर लावला तर दाब दुपटीहून थोडा कमी वाढला म्हणून वॅटही तेवढेच वाढतील असे वाटते, पण ते १८३७ होतात आणि कुकर काही मिनिटांत निकामी होतो. उलट येथला १००० वॅटचा रॉड तिकडे नेला तर तो २७२ वॅटच देतो. बादलीभर पाणी तापण्याची वाट पाहण्यापेक्षा तिकडेच नवा घेतलेला बरा.

क्लँप मीटरवर विश्वास बसत नसेल तर शक्ती पडताळण्याची एक वाट वीज मीटरमध्येच आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर लुकलुकणाऱ्या तांबड्या दिव्याजवळ एका युनिटला किती ठोके पडतात ते छापलेले असते; समजा, ३२०० आहेत. घरातील इतर सर्व उपकरणे बंद करून फक्त गीझर चालू ठेवावा आणि मिनिटभरातील ठोके मोजावेत. पूर्ण २००० वॅटला ते १०७ पडतील. आपल्या स्थितीत गीझरचे १३६८ आणि घरातील वायरीचे ४३ मिळून सुमारे १४११ वॅट मीटरमधून जातात, म्हणजे ७५ ठोके पडायला हवेत. ते ४३ वॅट मीटरच्या पुढे खर्च होतात, म्हणून त्यांचे पैसे आपण भरतो. मीटरच्या अलीकडे लाइनीत गेलेले तेवढेच वॅट आपल्या बिलात येत नाहीत. ठोके ७५ पेक्षा बरेच जास्त आले तर घरात आणखी काही चालू राहिले आहे किंवा कोठेतरी गळती आहे, असे समजून गीझरची कॉइल आणि अर्थिंग यांमधील इन्सुलेशन मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) तपासून घ्यावे आणि तोवर गीझर वापरू नये.